मंगलताईंबरोबर आसुन्सिओनला

पॅराग्वे कुठे आहे हे मला ठाऊक होतं, कारण नकाशा गेली बारा वर्षं माझ्या पाठीमागच्या भिंतीवर आहे. बुधवार पेठेत एका पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर मी स्पॅनिश शिकवते. माझे विद्यार्थी माद्रिदला जातात, मेक्सिकोला जातात, तिथून फोटो पाठवतात. मी वर्ग संपला की चालत शनिवार पेठेतल्या घरी येते. त्यामुळे एक दिवस फोन आला आणि पलीकडच्या बाईंनी "तीन आठवडे आसुन्सिओनला जाल का?" असं विचारलं, तेव्हा मी आधी विचारलं, "आपल्याला नक्की माझ्याशीच बोलायचंय ना?"

त्यांना माझ्याशीच बोलायचं होतं. वस्त्यांमध्ये डेंग्यू रोखण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेतून त्या बोलत होत्या. पॅराग्वेच्या राजधानीत, नदीकाठच्या वस्त्यांतही असंच काम चालतं. तिथल्या लोकांनी पुण्यातल्या, घरोघर फिरणाऱ्या एका आशा सेविकेला बोलावलं होतं. तुमचं आम्हाला दाखवा, आमचं तुम्ही बघा. निवड झालेल्या बाईंना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. म्हणून मी.

घरी सांगितलं तेव्हा सासरे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "डास बघायला पॅराग्वे? गच्चीवर चल, मी दाखवतो."

मंगलताईंची आणि माझी पहिली भेट संस्थेच्या ऑफिसात झाली. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, पुरंदरकडच्या खेड्यातून लग्न होऊन गुलटेकडीच्या वस्तीत आलेल्या. मी फोनवर त्यांना आसुन्सिओनचे फोटो दाखवायला लागले. नदी, जुना राजवाडा, रस्त्याकडेची आंब्याची झाडं. त्यांनी सगळे फोटो शांतपणे बघितले आणि एकच विचारलं, "तिकडं नळाला पाणी रोज येतं का?"

मला माहीत नव्हतं.

"ते पहिलं इचारा, मॅडम. पाणी रोज येत नसंल तर लोक साठवणार. साठवलं, उघडं ठेवलं, की डास होणार. राजवाडा बघू मागनं."

निघण्याआधीच मला कळलं, की या दोघींत शिकवणारी कोण असणार आहे.

पोचलो

विमानप्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दोन दिवस गेले आणि पाय सुजले. खरी गंमत विमानतळावर झाली. सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्याने मंगलताईंच्या बॅगेतून तपकिरी, केसाळ असा एक मोठा गोळा बाहेर काढला आणि दोन बोटांत धरून माझ्याकडे बघितलं. तो काथ्या होता. बारा वर्षं भाषा शिकवूनही मला काथ्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते आठवेना. शेवटी मी म्हटलं, "नारळाचे केस." तो इतका हसला की शेजारच्या रांगेतला अधिकारी बघायला आला. गोळा परत मिळाला. "आता तिकडं नारळ हाय का नाय, कुणास ठाऊक," मंगलताई बॅग बंद करत म्हणाल्या. "पिंप काय नुसत्या हातानं घासायचं?"

आपल्याकडे थंडी सरत आली होती, तिथे ऐन उन्हाळा होता. माती लाल, आपल्या महाबळेश्वरच्या वाटेवर असते तशी, आणि ऊन असं की सकाळी आठला सावली शोधावी लागे. पण झाडं मात्र भरपूर. फुटपाथवर आंबे लावलेत आणि त्यांच्या फळांवर कुणाचा हक्क नाही, हे मी दोनदा विचारून खात्री करून घेतलं. पुण्यात अशा झाडाखाली तीन पाट्या लागल्या असत्या.

आमची सोय एका घराच्या माडीवर केली होती. व्यवस्था बघणारी नीदिया नावाची नर्स, पंचेचाळिशीची, ठेंगणी, मोठ्या आवाजाची. नदीकाठच्या वस्तीतल्या आरोग्यकेंद्राची ती प्रमुख. पहिल्याच वाक्याला तिने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. "तुम्ही जुन्या चित्रपटातल्या राणीसारखं बोलता," ती म्हणाली. माझं स्पॅनिश स्पेनचं, पुस्तकातलं. तिथे लोक स्पॅनिश बोलतात तेही निराळं आणि घरात तर त्यात ग्वारानी मिसळतात. ग्वारानी ही तिथल्या मातीतली भाषा. बाजारात, भांडणात, लाडात तीच. म्हणजे मी एक भाषा घेऊन गेले आणि पोचल्यावर कळलं की दीड भाषा लागते.

जेवणाचं मंगलताईंना निघताना फार दडपण होतं, कारण तिथे सकाळ-संध्याकाळ गाईचं मांस. नीदियाने पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे उकडलेल्या पांढऱ्या कंदाची बशी ठेवली. त्यांनी एक तुकडा मोडला, वास घेतला, चावला. "अहो, हा साबुदाण्याचा कंद!" त्यांनी मला हलवलं. खरंच होतं. त्या कंदापासूनच आपला साबुदाणा होतो. तिथे तो पोळीसारखा रोज पानात असतो. त्यानंतर मंगलताई निर्धास्त झाल्या. चतुर्थीला तर त्यांनी नीदियाला माझ्यामार्फत कळवलं की पॅराग्वे हा सगळा देशच उपासाचा आहे. मला तिथलं 'सूप' आवडलं. सूप म्हणून मागवलं आणि मका-चीजची भाजलेली वडी आली. पातेलं कुठे आहे, असं मी विचारायचं टाळलं.

एकच पेला

आरोग्यकेंद्राच्या अंगणात सकाळी तेरेरे चालतं. वनस्पती कुटून घातलेलं, बर्फाच्या पाण्यातलं कडवट पेय. लाकडी पेला एक, धातूची नळी एक. एकजण भरतो आणि पेला गोल फिरतो, सगळे त्याच नळीने पितात. पहिल्या दिवशी माझी पाळी आली, मी प्यायले आणि शिकवते तशा स्पष्ट उच्चारात म्हणाले, "ग्रासियास." पुढच्या फेरीत पेला मला ओलांडून गेला. त्याच्या पुढच्या फेरीतही. आपण काय चुकलो ते कळेना. शेवटी नीदियाने सांगितलं, "इथे पेला परत देताना 'ग्रासियास' म्हटलं की त्याचा अर्थ, आता पुरे." वर्गात पहिल्या तासाला शिकवलेला शब्द मला पाण्यावाचून ठेवून गेला.

करोनाच्या साथीनंतर नीदियाने केंद्रात नियम केला होता, ज्याचा त्याचा पेला वेगळा. कर्मचारी नियम पाळत, आणि ती आत गेली की एकच पेला पुन्हा फिरू लागे. तिने मंगलताईंना विचारलं, तुमच्याकडे काय करतात? मंगलताईंनी बाटली उचलली, मान मागे टाकली आणि ओठ न लावता पाण्याची धार सरळ घशात सोडली. मग बारा माणसं ते करायला गेली आणि बाराही जणांचे शर्ट भिजले. त्या उन्हात कुणाची तक्रार नव्हती. दोन-तीन दिवसांत चौघींना जमायला लागलं.

सहाव्या दिवशी मात्र फजिती माझी झाली. आमच्या माडीवरच्या व्हरांड्यात कुंड्या होत्या, मी रोज सकाळी त्यांना हौसेने पाणी घालत असे. मंगलताईंनी एक कुंडी उचलली, खालच्या बशीत टॉर्च मारला आणि मला हाक मारली. बशीतल्या पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुम्ही पाळल्यात."

त्यांनी हे केंद्रात सगळ्यांना सांगितलं. सांगितलं म्हणजे मराठीत सांगितलं, आणि माझ्या गुन्ह्याचा अनुवाद मलाच करावा लागला.

नदीकाठची वस्ती

पॅराग्वे नदीला पूर आला की ही वस्ती उठते आणि ओसरला की परत येते. फळ्यांची, विटांची, पत्र्याची घरं. पाणी रोज येत नव्हतं. मंगलताईंनी हे पहिल्याच गल्लीत ओळखलं, प्रत्येक अंगणातली पिंपं मोजून. "बघा," त्या म्हणाल्या, "काय निराळं हाय? आमच्या गल्लीत फक्त उतार जास्त."

दारावर घंटा नसते. फाटकाबाहेर उभं राहायचं आणि टाळ्या वाजवायच्या. कुत्रं भुंकतं, मग बाई येते. मंगलताईंना आरतीला आल्यासारखं वाटे. आत गेलं की त्यांचं काम मात्र गुलटेकडीतलंच. पिंपाचं झाकण उचल, टॉर्च मार, अळी दिसली तर पाणी ओत आणि पिंप आतून घास. नुसतं ओतून भागत नाही, डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोनमहिने कोरडी राहतात आणि पाणी आलं की पुन्हा जिवंत होतात. हे मला त्या वस्तीत, एका पिंपात डोकं घालून उभी असताना कळलं. काथ्याला फार मागणी आली. नीदियाच्या बायकांनी तिथल्या माडाच्या जातीच्या झाडाचा धागा काढून तसेच गोळे बांधायला घेतले.

काही घरं उघडत नसत. "आमच्याकडे डास नाहीत." "गेल्या महिन्यात फवारून गेले, पुरे." अनुवाद करताना मला ही वाक्यं ओळखीची वाटायची. एकदा आठवलं, ती माझ्याच घरात ऐकली होती. सासरे दारात उभे आणि बाहेर पालिकेच्या निळ्या साडीतली बाई. मी आत चहा करत होते, बाहेरही आले नव्हते.

"पेठांत तसंच असतं," मी सांगितल्यावर मंगलताई सहज म्हणाल्या. "जिन्यावरनंच बोलत्यात. पण पाणी विचारतात बरं का. पाणी द्यायला चुकत नाहीत."

त्यांचा हा मोठेपणा मला टोमण्यापेक्षा जास्त लागला.

ग्लादिसचं फाटक

दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. उन्हाने डोकं चढलं होतं. नीदिया एका घरी टायरांच्या ढिगावरून वाद घालत होती, मंगलताई तिच्याजवळ होत्या. मी पुढच्या फाटकाशी जाऊन टाळ्या वाजवल्या. तिशीची एक बाई आली, डोळे तांबारलेले, केस कसेतरी बांधलेले. नाव ग्लादिस.

"आत्ता नको," ती म्हणाली. "मुलगी झोपलीये. चार दिवस तापली होती, आज पहाटे ताप उतरला. मी झोपलेली नाही. उद्या या."

मागून आलेल्या मंगलताईंनी विचारलं, "काय म्हणत्यात?"

"मुलगी बरी आहे, झोपलीये. उद्या या म्हणतायत."

दोन भाषांमध्ये उभं राहणाऱ्या माणसाला दमल्यावर एक वाईट खोड लागते. तो सगळं सांगत नाही, सार सांगतो. मी सार सांगितलं आणि आम्ही पुढे गेलो.

चार घरं झाली. तासाभराने एका आंब्याखाली बसलो. मी बाटलीतून पाणी पीत सहज म्हणाले, "ती मघाची बाई किती दमली होती ना. चार दिवस ताप मुलीला. आज पहाटे उतरला म्हणे, म्हणून जरा..."

मंगलताईंचा हात थांबला. "कुणाचा ताप उतरला?"

"त्या मुलीचा. मघाशी नाही का..."

"तुम्ही बरी हाय म्हणला मला."

"ताप उतरला म्हणजे..."

त्या उठल्या होत्या. पदर कमरेला खोचून त्या लाल धुळीच्या रस्त्याने जवळजवळ पळत निघाल्या. मी नीदियाला ओरडून सांगितलं. तिला दोनच शब्द पुरले, तीही पळाली. मी सर्वांत मागे.

फाटक उघडायला ग्लादिस तयार नव्हती. आता तर ती चिडली होती. पण अंगणात झोळीत मुलगी दिसत होती. आरासेली, नऊ वर्षांची. डोळे अर्धवट मिटलेले. झोळीखाली बादली. नीदियाने विचारल्यावर ग्लादिस म्हणाली, हो, सकाळपासून दोनदा उलटी झाली, पोट दुखतंय म्हणते, पण ताप नाहीये! हात लावून बघा, अंग गार आहे!

नीदिया तिला ग्वारानीत समजावत राहिली. दवाखान्यात न्यायला हवं, आत्ता. जितकं समजावलं तितकी ग्लादिस मागे सरली. मला शेवटचं वाक्य समजलं, कारण ते तिने स्पॅनिशमध्ये माझ्याकडे बघून म्हटलं, "माझी आई त्या दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेली होती."

ते मी मंगलताईंना सांगितलं.

"मेधाताई," मंगलताई म्हणाल्या. इतके दिवस मी मॅडम होते. "आता मी सांगते ते जसंच्या तसं सांगा. एक शब्द गाळू नका."

फाटकाच्या पत्र्यावर हात ठेवून त्या बोलू लागल्या. एक वाक्य त्या, एक वाक्य मी.

"माझा नवरा मार्केट यार्डात हमाल होता. पाच दिवस तापानं पडला. सहाव्या दिवशी सकाळी ताप उतरला. मी देवापुढं साखर ठेवली. त्यानं आंघोळ केली, अर्धी भाकर खाल्ली. पोटात दुखतंय म्हणला. मी म्हणलं, पाच दिवस पोटात अन्न नाय, म्हणून दुखत असंल. त्याचे हात गार लागले मला. मला वाटलं, आंघोळ केलीय. तो कामावर गेला. दुपारी गाळ्यावरच्या माणसांनी त्याला रिक्षात घालून नेला. दिवस मावळायच्या आत गेला. ताप उतरतो तवाच जपायचं असतं, हे मला कुणी सांगितलं न्हवतं. आपल्या लेकीचे हात आत्ता तसेच असतील, धरून बघा. मला सांगायला कुणी आलं न्हवतं, बाई. मी आलेय."

दहा-बारा दिवस आम्ही एका खोलीत झोपत होतो. हे मला माहीत नव्हतं. शेवटची दोन वाक्यं सांगताना माझं ते पुस्तकी स्पॅनिश मोडून पडलं. कसं सांगितलं आठवत नाही, पण सगळं सांगितलं.

ग्लादिस झोळीकडे गेली. तिने मुलीचा हात हातात घेतला, मग दुसरा. मग तिने मुलीला उचललं आणि स्वतःच फाटकाकडे पळत आली.

दवाखाना

शेजारच्या एका म्हाताऱ्याने भाजीची छोटी गाडी काढली. मागच्या हौद्यात आम्ही सगळ्या. मंगलताई दर थोड्या वेळाने मुलीचं नख दाबून सोडत आणि त्यातला रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघत. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

डॉक्टर तरुण होती. तिने मुलीला लगेच आत घेतलं, सलाइन लावलं. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, रक्तदाब खाली चालला होता. डेंग्यूत ताप उतरताना असं होतं. संध्याकाळपर्यंत घरी ठेवली असती तर माझ्या हातात फार काही राहिलं नसतं. हे मी मंगलताईंना शब्दशः सांगितलं. सांगितलं आणि रडायला लागले. तो एक तास माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"मी गाळलं," मी म्हणाले. "तिने मला सगळं सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. त्यांनी ते खोडून काढलं नाही, आणि याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मलाबी त्या दिवशी तेवढंच कळलं होतं, जेवढं दिसत होतं. आता ठाऊक झालं ना? रडत बसू नका. आत जा, त्या नर्सला विचारा, पोरगी मुतली का."

नव्हती. तो दुपारपासूनचा आमचा एकच प्रश्न झाला. ओळखीच्या-अनोळखी माणसांनी दवाखान्याचा व्हरांडा भरत गेला. कुणी चिपा आणले, म्हणजे त्याच कंदाच्या पिठाची, चीज घातलेली, भाजलेली गरम कडबोळी. कुणी टेबलफॅन आणला. गाडीवाला म्हातारा परत गेलाच नाही, बाकावर बसून राहिला. मला कुणी विचारलं नाही की तू कोण. मंगलताईंच्या खांद्यावर डोकं टेकून ग्लादिस बसल्या बसल्या झोपली, आणि मंगलताई हात अवघडला तरी हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत गेलो तर नर्स दारातच हात वर करून हसत होती. मुलीला लघवी झाली होती. अशा बातमीने अर्धा व्हरांडा उठून एकमेकांना मिठ्या मारतो, हे मी माझ्या आयुष्यात एकदाच पाहिलं.

मिंगा

आमच्या शेवटच्या शनिवारी वस्तीत मिंगा होती. मिंगा म्हणजे सगळ्यांनी मिळून, कुणाकडून काही न घेता केलेलं काम. मी समजावून सांगू लागले तेव्हा मंगलताईंनी मला तोडलं. "म्हंजी आमची इर्जिक. सगळ्यांची औतं एकाच्या रानात. माझा बाप जायचा."

या वेळी नांगरायचं रान म्हणजे अंगणं. प्रत्येक घरातून पाणी साचेल असं सगळं बाहेर आलं. टायर, फुटके डबे, फ्रीजखालचे ट्रे, बाटल्या, एक आख्खा जुना बाथटब. सगळ्यांत आधी ग्लादिसचं फाटक सताड उघडं होतं. तिच्या न्हाणीमागे सिमेंटची टाकी होती, वरचा पत्रा अर्धा उडालेला. टॉर्च मारला तर पाणी काळं दिसावं इतक्या अळ्या. ग्लादिस बघत राहिली. मग चपला काढून स्वतः टाकीत उतरली. मंगलताईंनी वरून तिच्या हातात काथ्या दिला. आंब्याखाली खुर्चीत आरासेली बसली होती, अजून फिकट, पण हातात चिपा, आणि कुठला डबा राहिलाय ते ओरडून सांगत होती. तिच्या आवाजाला वस्तीतलं एकही माणूस वैतागत नव्हतं.

संध्याकाळी निघताना ग्लादिस मंगलताईंसमोर उभी राहिली. तिने ग्वारानीत काही विचारलं. नीदियाने ते मला स्पॅनिशमध्ये सांगितलं, मी मराठीत.

"तुमच्या यजमानांचं नाव काय, विचारतेय. रविवारी चर्चमध्ये त्यांच्यासाठी मेणबत्ती लावायचीय. नाव घेऊन लावतात."

मंगलताईंनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं, त्यांनी ते नाव कधी तोंडाने घेतलं नसेल. कागदावर दुसऱ्यानेच लिहिलं असेल, आणि घेतलं असेलच तर तीस वर्षांपूर्वी, लग्नातल्या उखाण्यात. त्यांनी पदर सारखा केला. खाली बघितलं.

"दत्तात्रय," त्या म्हणाल्या.

ग्लादिसने ते नाव हळूहळू, तुकडे जोडत म्हणून बघितलं. जमेना. मंगलताईंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा चुकलं. पुन्हा सांगितलं. आणि चौथ्यांदा की पाचव्यांदा, ते नाव आपल्याला इतक्या वेळा घेता आलं या आश्चर्याने असेल, मंगलताई हसायला लागल्या, आणि डोळे पुसत हसतच राहिल्या.

गुलटेकडी

परत आल्यावर लोकांनी विचारलं, काय काय पाहिलंत? मी नदी सांगितली, आंबे सांगितले, सूप सांगितलं. पण एक गोष्ट सांगायला मला लाज वाटत होती, ती इथे लिहिते. ज्या बाईचं काम मी एवढ्या लांब जाऊन पाहिलं, ती माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर ते गेली पंधरा वर्षं करत होती. माझा प्रवास तिथे गेल्याशिवाय पुरा होणार नव्हता.

म्हणून आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी क्लास बंद ठेवला आणि गुलटेकडीला गेले. मंगलताई गल्लीच्या तोंडाशी निळ्या साडीत उभ्या होत्या. चढाच्या, एकमेकांत शिरलेल्या गल्ल्या, दारादारात पिंपं. पहिल्या घरातली बाई पीठ मळत होती. मंगलताईंनी उंबऱ्यातूनच विचारलं, "ताप हाय का कुणाला? आणि कुणाचा उतरलाय का दोन दिवसांत? तेबी सांग."

"नाय बाई, सगळी ठणठणीत," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

मी उत्तराची वाट बघत होते. दुभाषी म्हणतील, मॅडम म्हणतील.

"मेधाताई. शनिवार पेठेतल्या," मंगलताई म्हणाल्या. "कामाला आल्यात." आणि त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला.

बाईने पिठाचे हात झटकले, आधी मला तांब्याभर पाणी दिलं, मग पिंपावरचं झाकण बाजूला केलं. मी वाकले आणि आत बघितलं.